हाडातला खुंटा

‘खुंटा हलवून बळकट करणे’ हा वाक्प्रचार तुम्ही मराठीच्या तासाला वाक्यात वापरून दाखवला असेल. त्यामागची कृती मात्र शहरातल्या पुष्कळ मुलांनी पाहिलेली नसते. गुरे बांधायचा खुंटा जमिनीत ठोकून झाला की शेतकरी तो दोन्ही हातांनी धरून चारी बाजूंना हलवतो. हलला तर आणखी दोन घाव घालतो, नाही तर बैल बांधून मोकळा होतो. भौतिकशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर हा स्थैर्याचा प्रयोगच झाला. बल लावायचे आणि विस्थापन किती होते ते पाहायचे.

मित्रहो, आज ज्या खुंट्याविषयी मी लिहिणार आहे तो जमिनीत ठोकलेला नसतो, माणसाच्या मांडीच्या हाडात ठोकलेला असतो.

गेल्या वर्षी माझ्या मावशीच्या उजव्या खुब्याचा सांधा बदलला. वय ६८, सांध्यातली कूर्चा पार झिजलेली, चार पावले चालणेही मुश्कील. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी तिला वॉकर धरून उभे केले. मी भेटायला गेलो तेव्हा ती म्हणाली, “अरे, हे म्हणे हाडात नुसतं ठोकून बसवलंय. सिमेंट नाही, स्क्रू नाही. तू फिजिक्स शिकवतोस ना? मग मला सांग, मी पाय टेकला की हे हलणार नाही कशावरून?”

वर्गात मुलांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी फार थोडे प्रश्न इतके नेमके असतात. डॉक्टर शस्त्रक्रियेच्या वेळी बसवलेला दांडा हाताने पिळून पाहतात, नाही असे नाही. पण माणसाच्या हाताला जाणवते त्याच्या कितीतरी कमी हालचाल इथे घातक ठरू शकते. म्हणून हा खुंटा हलवून पाहायचा तो आधी प्रयोगशाळेत, तेही मशीनने.

खुब्यावर भार किती?

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलेच आहे. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि ते कमरेच्या हाडातल्या खोलगट उखळीत फिरते. सांधा बदलताना हा चेंडू कापून काढतात. हाडाच्या आतली पोकळी कानशीसारख्या हत्याराने कोरून तीत धातूचा निमुळता दांडा बसवतात, आणि दांड्याच्या मानेवर नवा चेंडू चढवतात. उखळीतही नवी वाटी बसते. वाटीचीही स्वतंत्र कथा आहे, पण आज आपण दांड्यापुरतेच बोलू.

दांडा हलेल की नाही हे ठरवायचे तर त्याच्यावर भार किती येतो हे आधी पाहिजे. मावशीचे वजन ६० किलोग्रॅम. ती एका पायावर उभी राहिली तर त्या खुब्यावर भार किती? तुम्ही म्हणाल, फार तर ६० किलोग्रॅम. चुकलात! चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एका पायावरच उभे असतो, म्हणून हे गणित करून पाहण्यासारखे आहे.

टेकलेल्या पायाचे स्वतःचे वजन त्याच्या खुब्यावर येत नाही. एक पाय म्हणजे शरीराचा सुमारे सहावा हिस्सा, म्हणून उरले ५० किलोग्रॅम. पण ह्या उरलेल्या शरीराचा गुरुत्वमध्य खुब्याच्या बरोबर वर नसतो, तो आतल्या बाजूला ढोबळमानाने १० सेंटिमीटरवर असतो. म्हणजे शरीर आत कलंडायला पाहते. त्याला सावरतात ते खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू. त्यांची भुजा मात्र जेमतेम ५ सेंटिमीटर असते. ही झाली पहिल्या प्रकारची तरफ आणि तिचा टेकू म्हणजे खुबा. ५० गुणिले १० बरोबर स्नायूंचे बल गुणिले ५, म्हणजे स्नायूंना १०० किलोग्रॅम-भार इतके बल लावावे लागते. टेकूवर दोन्ही बाजूंचे बल येते, एकूण १५० किलोग्रॅम-भार. वजनाच्या अडीचपट!

(जाता जाता : घरी आजोबा काठी दुखऱ्या पायाच्याच बाजूच्या हातात धरत असतील तर त्यांना ती दुसऱ्या हातात धरायला सांगा. का, ते वरच्या तरफेत काठीची भुजा मांडून तुमचे तुम्हीच शोधा.)

हे कागदावरचे गणित खरे निघाले का? स्वीडनमधल्या गोथेनबर्ग येथे नील्स रिडेल यांनी १९६६ साली कृत्रिम सांध्याच्या आतच ताण मोजणाऱ्या पट्ट्या बसवून माणसाच्या खुब्यावरचे बल प्रत्यक्ष मोजले. पुढे बर्लिनमध्ये गेओर्ग बेर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दांड्यातच संवेदक आणि छोटासा रेडिओ-प्रेषक बसवला. रुग्ण चालतो आहे आणि त्याचा सांधा आपल्यावरचा भार स्वतःच कळवतो आहे! त्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेले आकडे असे : ताशी ४ किलोमीटर वेगाने चालताना सरासरी भार वजनाच्या २३८ टक्के, जिना चढताना २५१ टक्के, उतरताना २६० टक्के. ठेच लागून तोल सावरताना तर वजनाच्या आठपटीहून अधिक भार नोंदला गेला आहे.

पण दांड्याच्या दृष्टीने अधिक त्रासदायक गोष्ट वेगळीच आहे. जिना चढताना किंवा खुर्चीतून उठताना चेंडूवरचे बल समोरून मागच्या दिशेलाही ढकलते. चेंडू दांड्याच्या अक्षावर नसतो, बाजूला असतो. त्यामुळे, पान्याने बोल्ट फिरवावा तसा, दांडा हाडात पिळला जातो. बर्लिनच्या मोजणीत ही पीळ सपाटीवर चालण्यापेक्षा जिना चढताना सरासरी २३ टक्क्यांनी जास्त आढळली. खुंटा उभ्या दाबाने सहसा उपटला जात नाही, पिळून मात्र सैल होतो. तुम्हीही भिंतीतला खिळा काढताना आधी तो पिळताच ना?

‘हलत नाही’ म्हणजे किती हलत नाही?

दांडा हाडात पक्का करण्याच्या दोन रीती आहेत. पहिली सिमेंटची. इंग्लंडमधल्या रायटिंग्टन येथील रुग्णालयात जॉन चार्नली यांनी ती रुळवली. हे सिमेंट म्हणजे घरबांधणीचे सिमेंट नव्हे, ते एक ॲक्रिलिक प्लॅस्टिक असते. ते चिकटत नाही बरे! गवंडी दगडांच्या फटीत माल भरतो तसे ते दांडा आणि हाड यांमधली फट भरून काढते आणि भार सगळीकडे वाटून देते.

दुसरी रीत मावशीच्या सांध्याची. दांडा पोकळीपेक्षा किंचित मोठा ठेवतात आणि ठोकून बसवतात. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव कशी घट्ट बसते आठवा. धाव चाकाला आवळून धरते, तसे हाड दांड्याला आवळून धरते. त्या आवळण्यातून लंबबल मिळते आणि लंबबलातून घर्षण. पहिल्या दिवशी मावशीचे सगळे वजन ह्या घर्षणाच्या भरवशावर होते. पुढे काही आठवड्यांत दांड्याच्या खरखरीत पृष्ठभागातल्या छिद्रांत हाड वाढते आणि धातूला कवटाळते. मग घर्षणाची गरज फारशी उरत नाही.

मात्र हाड अशी वाढ एका अटीवर करते. दांडा फार हलता कामा नये. किती? टोरांटोचे रॉबर्ट पिलियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले की, हालचाल २८ मायक्रॉनपर्यंत असेल तर छिद्रांत हाड वाढते, पण १५० मायक्रॉनच्या आसपास गेली तर हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते. १९९७ साली मुरली जस्टी आणि सहकाऱ्यांनी हेच जास्त काटेकोरपणे तपासले. कुत्र्यांच्या हाडात बसवलेले तुकडे रोज आठ तास, सहा आठवडे, ठरावीक अंतरानेच हलवत ठेवले. २० मायक्रॉनला हाड धातूपर्यंत सलग वाढले. ४० ला हाड आणि कूर्चेसारखी ऊती यांची सरमिसळ झाली. १५० मायक्रॉनला नुसते तंतू.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुमच्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे अर्ध्या केसाइतकी हालचाल चालते, दोन केसांइतकी चालत नाही! एकदा तंतूंचा थर तयार झाला की दांडा पायमोज्यात घातल्यासारखा सैल राहतो, पाऊल टाकले की मांडीत दुखते, आणि बहुधा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. पंचवीस-तीस वर्षांच्या खेळाडूच्या नव्हे, सत्तरीतल्या माणसाच्या अंगावर दुसऱ्यांदा सुरी चालवायची, हे लक्षात घ्या.

प्रयोगशाळेत

आता प्रयोग मांडू. देहदानातून मिळालेली हाडे घेतात. ती गोठवून ठेवलेली असतात आणि प्रयोगाच्या वेळी ओली ठेवावी लागतात, कारण वाळलेले हाड वेगळेच वागते. पण दोन माणसांची हाडे सारखी नसतात. मग तुलना करायची कशी? एक युक्ती अशी की, एकाच माणसाच्या डाव्या हाडात एक नमुना बसवायचा आणि उजव्यात दुसरा. दुसरी युक्ती म्हणजे काचतंतू आणि इपॉक्सी राळ यांचे कवच व आत प्लॅस्टिकचा फेस असलेली कृत्रिम हाडे. ती सगळी एकसारखी मिळतात. पण एकसारखेपणा हाच त्यांचा दोषही आहे, कारण खऱ्या म्हाताऱ्या माणसाचे हाड ठिसूळ असते.

हाडाचे खालचे टोक साच्यात राळ ओतून पक्के करतात. हाड सरळ उभे न ठेवता चालताना असते तसे कलते ठेवतात. मग मशीन चेंडूवर भार देते, काढते, पुन्हा देते. जिना चढण्याचा प्रयोग असेल तर पीळही देते. अशी हजारो पावले ते हाड जागच्या जागी चालते.

आता खरा पेच. समजा मशीनचा दट्ट्या भार देताना एक मिलिमीटर खाली गेला. म्हणजे दांडा एक मिलिमीटर हलला का? मुळीच नाही! हाड वाकले, राळ दबली, मशीनची चौकटसुद्धा थोडी ताणली गेली. ह्या सगळ्यांची बेरीज एक मिलिमीटर. तिच्यात लपलेले आपले तीस-चाळीस मायक्रॉन शोधायचे आहेत. चालत्या आगगाडीत बसलेल्या माणसाने मान हलवली का, हे फलाटावर उभे राहून मोजण्यासारखेच हे आहे.

ह्यावर उपाय एकच. मापक गाडीत, म्हणजे हाडावरच बसवायचा. हाडाला बारीक भोक पाडतात, भोकातून एक सुई दांड्याला टेकवतात आणि सुईचे दुसरे टोक हाडावर बसवलेल्या विस्थापनमापकात जाते. हाड वाकले तर मापकही त्याच्याबरोबर जातो, आणि नोंद होते ती फक्त दोघांमधल्या सापेक्ष हालचालीची. ह्या मापकाला एल.व्ही.डी.टी. म्हणतात. त्याचे तत्त्व तुमच्या दहावीच्या विद्युतचुंबकत्वात बसणारे आहे. मधल्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती विद्युतधारा सोडतात. दोन्ही बाजूंना दोन सारखी वेटोळी उलट्या दिशेने जोडलेली असतात. लोखंडाचा गाभा बरोबर मध्ये असला की दोन्हींतले व्होल्टेज एकमेकांना खोडून काढते, आणि गाभा एखादा मायक्रॉन जरी सरकला तरी ही बरोबरी मोडते. असे सहा मापक वेगवेगळ्या दिशांनी लावले तर तीन सरळ आणि तीन फिरत्या अशा सहाही हालचाली पकडता येतात. तरीही मापक दांड्यापासून दूर लावला तर मधल्या हाडाचे वाकणे पुन्हा मोजणीत शिरते. म्हणून एखाद्या प्रयोगात किती मायक्रॉन आले ह्याइतकेच मापक कोठे लावला होता हेही विचारावे लागते.

नोंदीत दोन गोष्टी वेगळ्या काढतात. भार दिला की दांडा थोडा सरकतो आणि भार काढला की परत येतो. ही झुलती हालचाल हाडाची वाढ रोखणारी. आणि प्रत्येक वेळी परत येताना तो किंचित कमी येतो. हे कायमचे खचणे. आलेखावर पावलांची संख्या आडवी आणि खचणे उभे मांडले तर वक्र हळूहळू आडवा होतो की खालीच जात राहतो, ह्यावर सगळे अवलंबून असते. पहिल्या प्रकारात खुंटा हलवून बळकट झाला. दुसऱ्यात हलवून उपटला जातो आहे.

करून पाहा

हा आलेख तुम्हालाही काढता येईल. एका डब्यात ओलसर वाळू दाबून भरा आणि तीत बांबूची जाडसर काठी ठोका. वाळूपासून दोन बोटे उंचीवर काठीला आरशाचा छोटा तुकडा चिकटवा आणि वीतभर उंचीवर दोरी बांधा. दोरी आरशाच्या बरोबर मागच्या दिशेला, टेबलाच्या कडेवरून खाली सोडा आणि तिला अर्ध्या किलोची पिशवी अडकवा. लेझर पॉइंटर पुस्तकांच्या चळतीवर पक्का ठेवून किरण आरशावर पाडा. (किरण कोणाच्याही डोळ्यांत जाता कामा नये.) ५ मीटर दूरच्या भिंतीवर कागद लावून ठिपक्याची जागा पेन्सिलीने टिपा.

आरसा जितका कलतो त्याच्या दुप्पट परावर्तित किरण वळतो. काठी वाळूच्या पृष्ठभागाजवळ कलते असे धरले, आणि १० सेंटिमीटर उंचीवर ती फक्त ५० मायक्रॉन सरकली, तरी ठिपका भिंतीवर ५ मिलिमीटर हलेल. गणित करून खात्री करून घ्या. पिशवी अडकवा, ठिपका टिपा, काढा, पुन्हा टिपा. असे वीस वेळा करा. मग कोरडी वाळू घेऊन तेच करा आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवा.

आमच्या महाविद्यालयात अकरावीच्या मुलांनी हा प्रयोग केला तेव्हा पहिल्या दिवशीचे सगळे आकडे फेकून द्यावे लागले. काठी नव्हे, डबाच कलत होता. मला ते आधी सुचायला हवे होते. दुसऱ्या दिवशी एका मुलीने डब्यालाही एक आरसा चिकटवला आणि दोन ठिपक्यांमधला फरक घेतला. मापक हाडावर बसवण्याची युक्ती तिला कोणी सांगितली नव्हती.

गुळगुळीत की खरखरीत?

इथपर्यंत वाचल्यावर तुम्ही म्हणाल, सोपे आहे, दांडा खरखरीत करावा म्हणजे घर्षण वाढेल आणि तो हलणार नाही. मलाही तसेच वाटले असते. इंग्लंडमधल्या एक्सेटर गावी रॉबिन लिंग हे शल्यविशारद आणि क्लाइव्ह ली हे अभियंते यांनी १९७० मध्ये सिमेंटमध्ये बसवायचा एक निमुळता दांडा तयार केला. तो आरशासारखा चकचकीत होता. १९७६ पासून त्याचा पृष्ठभाग खरबरीत झाला. काही वर्षांनी दिसले की चकचकीत दांडेच चांगले टिकत आहेत आणि खरबरीत दांडे जास्त सैल होत आहेत! १९८६ मध्ये पृष्ठभाग पुन्हा चकचकीत करण्यात आला.

कारण शोधले तेव्हा पाचरीचे तत्त्व पुढे आले. गुळगुळीत निमुळता दांडा सिमेंटमध्ये पहिल्या काही वर्षांत मिलिमीटरभर खाली खचतो, आणि जितका खचतो तितका घट्ट बसतो. सिमेंट हाडावर दाबले जाते आणि त्या दोघांमधली सीमा हलत नाही. खरबरीत दांड्याला असे सुखाने खचता येत नाही. तो सुटला की सिमेंटला कानशीसारखा घासत राहतो. म्हणजे मावशीच्या दांड्याला जे मिलिमीटरभर खचणे काळजीचे ठरले असते, तेच ह्या दांड्याला मानवते. हालचाल कोणत्या दोन पृष्ठभागांमध्ये होते आहे हे न पाहता नुसता आकडा ऐकून काही ठरवता येत नाही.

चाचणी आधी करायची की नंतर, हा प्रश्नही इतिहासाने महाग दराने सोडवला आहे. चार्नली यांनी आरंभी उखळीतली वाटी टेफ्लॉनची केली होती. सुमारे ३०० रुग्णांना बसवलेल्या त्या वाट्या दोन-तीन वर्षांत झिजू लागल्या आणि झिजेच्या भुकटीने भोवतालच्या ऊतींना सूज आली. नंतर पॉलिथिलीनचा एक प्रकार त्यांच्याकडे आला तेव्हा त्यांना तो नापसंत होता. पण त्यांचे प्रयोगशाळा-सहायक हॅरी क्रेव्हन यांनी तो झिजेच्या यंत्रावर चढवून दिला. यंत्र तीन आठवडे रात्रंदिवस चालले, तरी टेफ्लॉन एका दिवसात झिजते तितकेही ते झिजले नाही. १९६२ च्या नोव्हेंबरपासून तीच वाटी माणसांना बसू लागली.

मात्र प्रयोगशाळेतले हाड मेलेले असते. ते दांड्याला कवटाळत नाही, की सैल आवळण्याला कंटाळून झिजतही नाही. म्हणून यंत्र सांगते ते पहिल्या दिवसाचे स्थैर्य. पुढचे रुग्णाच्याच शरीरात पाहावे लागते. स्वीडनमधल्या लुंड येथे गोरान सेल्विक यांनी १९७४ साली त्यासाठी एक पद्धत मांडली. हाडात टँटलम धातूचे मिलिमीटरभर आकाराचे मणी पेरायचे आणि एकाच वेळी दोन कोनांतून क्ष-किरण चित्रे घ्यायची. त्यावरून दांडा मण्यांच्या तुलनेत मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका सरकला तरी कळते. नवे नमुने तपासताना ही पद्धत वापरतात, रोजच्या रुग्णांसाठी नाही.

मावशीची तीन महिन्यांनी तपासणी झाली तेव्हा साधी दोन क्ष-किरण चित्रे शेजारी लावली होती. डॉक्टर म्हणाले, दांडा जागेवर आहे. ती आता काठीशिवाय चालते, फक्त जमिनीवर मांडी घालून बसायला तिला मनाई आहे आणि त्याची तिला फार चुटपूट आहे. घरी आल्यावर मी तिला समजावले की साध्या चित्रात एक-दोन मिलिमीटरपेक्षा कमी खचणे खात्रीने सांगता येत नाही, पण दुखत नाही ह्याचा अर्थ बहुधा हाडाने दांडा धरला आहे.

“बहुधा,” मावशी म्हणाली, आणि जिना चढून वर गेली.